साधे शब्द, अनेक अर्थ

सावित्री नदीच्या काठी, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी पोलादपूर हे तालुक्याचे ठिकाण वसले आहे. येथून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या मार्गास आंबेनळी घाट म्हणतात, तर दक्षिणेस खेडकडे जाताना कशेडी घाट लागतो. नदीच्या वा तळ्याच्या पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांनाही घाटच म्हणतात. तांब्याच्या भांड्याचा घाट सुबक असतो, आणि एखादा मनुष्य नसत्या उद्योगाचा घाट घालतो. एकाच शब्दाचे हे चार अर्थ मराठी माणसाच्या बोलण्यात रोज येतात, पण त्यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा याविषयी त्याला क्षणभरही संभ्रम पडत नाही. इंग्रजांनी हा शब्द आपल्या भाषेत नेला, तेव्हा डोंगरातील वाट आणि नदीकाठच्या पायऱ्या हे दोन अर्थ उचललेच. शिवाय संपूर्ण पर्वतरांगेस ‘वेस्टर्न घाट्स’ असे नाव देऊन आणखी एका अर्थाची त्यात भर घातली.

शब्दास अनेक अर्थ असणे हे कोणत्याही जिवंत भाषेचे लक्षण आहे. मातृभाषेत त्याची अडचण होत नाही, कारण संदर्भाने अर्थ ओळखण्याची सवय बालपणापासून लागलेली असते. परभाषेच्या बाबतीत मात्र शाळेत प्रथम पाठ केलेला एक अर्थ मनात घट्ट बसतो व पुढे प्रत्येक वाक्यात तोच शोधला जातो. कायदे, परिपत्रके, न्यायनिर्णय, हवामानाचे इशारे यांतील पुष्कळसा मजकूर आजही मुळात इंग्रजीत तयार होतो आणि तेथून मराठीत येतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ भाषेच्या अभ्यासकांचा राहत नाही. एका साध्या शब्दाच्या अर्थावर पाण्याचा हक्क, नुकसानभरपाई किंवा वेळीच सुरक्षित स्थळी जाण्याचा निर्णय अवलंबून असू शकतो. महाड व पोलादपूर या शेजारच्या दोन तालुक्यांच्या इतिहासात आणि वर्तमानात याची बोलकी उदाहरणे आढळतात.

अवघड शब्द सोपे, सोपे शब्द अवघड

इंग्रजीतील लांबलचक शास्त्रीय शब्द पाहून विद्यार्थी बिचकतो. परंतु अशा शब्दाचा बहुधा एकच अर्थ असतो व तो कोशात पाहिला की काम भागते. खरी पंचाईत करतात ते ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’, ‘केस’ यांसारखे लहानसे, ओळखीचे शब्द. इंग्रजी भाषेच्या ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ या क्रियापदाच्या चारशेहून अधिक अर्थछटा नोंदविल्या आहेत. शब्द जितका जुना व जितका वापरातला, तितके त्याला अर्थांचे धुमारे अधिक फुटतात.

हे कसे घडते ते ‘बोर्ड’ या शब्दावरून समजून घेता येईल. मूळ अर्थ लाकडी फळी. फळीचे मेज झाले, तेव्हा मेजास बोर्ड म्हणू लागले. मेजावर जेवण वाढले जाई, म्हणून जेवणाची सोय म्हणजे बोर्ड. ‘बोर्डिंग’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द त्यातूनच आला. मेजाभोवती बसून विचारविनिमय करणारी माणसे म्हणजेही बोर्ड, अर्थात मंडळ. इकडे वर्गातील फळा आणि दुकानावरील पाटी यांनी मूळ फळीशी असलेले नाते कायम राखले. मराठीतही असेच होते. बसावयाची ‘गादी’ हीच पुढे सत्तेची व गुरुपरंपरेची गादी झाली. अर्थ असा वस्तूकडून व्यवहाराकडे आणि व्यवहाराकडून संस्थेकडे सरकत जातो.

काही वेळा मात्र मुळात निराळे असलेले दोन शब्द उच्चाराने एकरूप होतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच व लॅटिन शब्दांचा मोठा भरणा इंग्रजीत झाला आणि असे योगायोग वाढले. पक्ष्याची चोच म्हणजे ‘बिल’ हा जुना इंग्रजी शब्द आहे. विधेयक किंवा देयक म्हणजे ‘बिल’ हा लॅटिनमधून आलेला. प्रकरण, खटला, रुग्ण, व्याकरणातील विभक्ती या अर्थांचा ‘केस’ एका लॅटिन शब्दापासून आला, तर पेटी वा खोळ या अर्थाचा ‘केस’ दुसऱ्याच शब्दापासून.

कार्यालयीन व्यवहारात तर असे शब्द पानोपानी भेटतात. ‘चार्ज’ म्हणजे कार्यभार, आरोप, आकारलेले शुल्क आणि विजेचा भारही. ‘लीव्ह’ म्हणजे रजा. पण न्यायालयाकडे अपिलासाठी मागतात ती ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. ‘मिनिट्स’ म्हणजे घड्याळातील मिनिटे आणि सभेचे कार्यवृत्तही. ‘ऑर्डर’ हा आदेश असतो, क्रम असतो, दुकानदाराकडे नोंदविलेली मागणी असते आणि ‘लॉ अँड ऑर्डर’ मध्ये सुव्यवस्था असते. ‘बार’ म्हणजे लोखंडी सळई, वकीलवर्ग, मद्यगृह आणि मुदत टळल्यामुळे दाव्यास येणारी बाधा.

काही शब्दांचे अर्थ तर परस्परविरोधीच आहेत. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी. परंतु एखाद्या राष्ट्रावर ‘सँक्शन्स’ लादली जातात तेव्हा तो शब्द निर्बंध व्यक्त करतो. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक. प्रस्ताव ‘टेबल’ करणे याचा अर्थ ब्रिटनमध्ये तो चर्चेसाठी मांडणे असा होतो, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे असा होतो. अशा ठिकाणी कोशातील पहिला अर्थ उचलणाऱ्याच्या हातून नेमका उलटा मजकूर लिहिला जाण्याचा संभव असतो.

टाके आणि रणगाडा

‘टँक’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पाणी साठविण्याचे ठिकाण या अर्थाने तो इंग्रजांनी भारतात उचलला. गुजराती व मराठीतील ‘टाके’ या अर्थाचे शब्द आणि पोर्तुगीजांचा ‘तांक’ यांच्याशी कोशकार त्याचे नाते जोडतात. महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत आणि सह्याद्रीतील बहुतेक किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती युद्धवाहन बनविले, तेव्हा शत्रूस सुगावा लागू नये म्हणून त्यास ‘टँक’ असे सांकेतिक नाव देण्यात आले. जणू पाण्याची टाकीच तयार होत आहे असे भासवावयाचे होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हे वाहन प्रथम रणांगणावर उतरले. सांकेतिक नाव टिकून राहिले आणि शब्दास एक नवा अर्थ कायमचा चिकटला.

मराठीने यापुढे जे केले ते अनुकरणीय आहे. एका ‘टँक’साठी तिने तीन वेगवेगळे शब्द योजले. गावाबाहेरचा तो तलाव वा तळे, घरावरची ती टाकी आणि सैन्यातला तो रणगाडा. यामुळे इंग्रजीत जेथे संदर्भ पाहावा लागतो, तेथे मराठी वाचकास शब्दच अर्थ सांगून जातो. अनेकार्थी इंग्रजी शब्दाचे भाषांतर करताना सर्वत्र एकच मराठी प्रतिशब्द वापरण्याचा अट्टहास का धरू नये, हे यावरून ध्यानात येईल.

‘पब्लिक’ म्हणजे कोण?

महाडच्या चवदार तळ्याचा लढा हा सामाजिक समतेच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा म्हणून सर्वांस परिचित आहे. तो लढा न्यायालयात पोहोचल्यावर दोन-तीन साध्या शब्दांच्या अर्थाभोवती कसा फिरत राहिला, ही बाजू मात्र तुलनेने कमी सांगितली जाते.

‘पब्लिक’ हा शब्द वरवर पाहता सरळ आहे. प्रत्यक्षात त्याचे अर्थ निराळे निराळे होतात. ‘पब्लिक वर्क्स’ म्हणजे सार्वजनिक बांधकाम, ‘पब्लिक सर्व्हिस कमिशन’ म्हणजे लोकसेवा आयोग, ‘पब्लिक नोटीस’ म्हणजे जाहीर सूचना आणि ‘पब्लिक प्रॉसिक्यूटर’ म्हणजे सरकारी अभियोक्ता. म्हणजे हा शब्द कधी सर्वांचा, कधी लोकांचा, कधी उघड, तर कधी शासनाचा असा अर्थ धारण करतो. इंग्लंडमधील जुन्या ‘पब्लिक स्कूल’ या तर भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळा आहेत.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व राखलेल्या, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादींचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गास करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. ‘पब्लिक’ या शब्दावर विसंबून न राहता, पैसा कोणाचा आणि व्यवस्था कोणाची या दोन कसोट्या त्या ठरावाने घालून दिल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर शब्द उमटले; तळ्याचे पाणी मात्र दूरच राहिले.

२० मार्च १९२७ रोजी, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या हजारो लोकांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर जमावावर हल्ले झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठरावही मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा स्पृश्य समाजातील काही मंडळींनी १२ डिसेंबर रोजी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला. तळे आपल्या मालकीचे आहे, त्याच्या वापराचा हक्क फक्त आपल्यालाच आहे, असे जाहीर करून मिळावे व प्रतिवादींना मनाई व्हावी, अशी त्यांची मागणी होती. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. डॉ. आंबेडकरांनी न्यायालयाच्या हुकुमाचा मान राखून त्या वेळचा सत्याग्रह तहकूब केला आणि प्रश्न कायद्याच्या मार्गाने सोडविण्याचे ठरविले.

दाव्यातील पहिला प्रश्न तळे खाजगी की सार्वजनिक हा होता. काठावरील जमिनीच्या काही पट्ट्या, बांध आणि पाण्यात उतरणारे घाट खाजगी मालकीचे होते. परंतु घाट खाजगी असला म्हणून पाणी खाजगी ठरत नाही. चार ते पाच एकरांचे हे तळे चोहोबाजूंनी नगरपालिकेच्या रस्त्यांनी वेढलेले होते. ते नगरपालिकेकडे निहित आहे असा निष्कर्ष निघाला आणि मालकीचा मुद्दा पुढे टिकला नाही.

वहिवाट, रूढी आणि हक्क

मालकी गेल्यावर वादींची भिस्त राहिली ती ‘कस्टम’ या शब्दावर. या शब्दाचेही अर्थ अनेक आहेत. अनेकवचनी ‘कस्टम्स’ म्हणजे सीमाशुल्क. दुकानदाराच्या भाषेत ‘कस्टम’ म्हणजे गिऱ्हाइकी. सामान्य बोलण्यात ती केवळ सवय किंवा रीत. कायद्यात मात्र ‘कस्टम’ म्हणजे कायद्याइतकेच बंधन निर्माण करणारी रूढी. अशी रूढी प्राचीन, निश्चित, अखंड व वाजवी असावी लागते. सवय आणि रूढी यांच्यामधले हे अंतर फार मोठे आहे, कारण सवय मोडता येते, सिद्ध झालेली रूढी मात्र न्यायालय अमलात आणते.

याच ठिकाणी ‘यूजर’ हा आणखी एक शब्द येतो. आज संगणकामुळे ‘यूजर’ म्हणजे वापर करणारी व्यक्ती हा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मालमत्तेच्या कायद्यात मात्र ‘यूजर’ म्हणजे व्यक्ती नव्हे, तर वापर, अर्थात वहिवाट. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला, तेव्हा त्यामागील तर्काचा गाभा असा होता, की एका पक्षाची वहिवाट आहे आणि दुसऱ्याची नाही, एवढ्यावरून पहिल्यास हक्क प्राप्त होत नाही, की दुसऱ्याचा हक्क नाही असेही सिद्ध होत नाही. वापर आणि हक्क हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही गोष्ट त्या निकालाने अधोरेखित केली.

ठाणे येथील अपीलही १९३३ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर ‘इम्मेमोरियल’ म्हणजे स्मरणातीत हा शब्द निर्णायक ठरला. व्यवहारात ‘पूर्वापार’ म्हटले की आजोबा-पणजोबांच्या काळापासून असा अर्थ घेतला जातो. इंग्लंडच्या कायद्याने मात्र १२७५ मध्ये ‘स्मरणातीत काळा’ची मर्यादा ११८९ या वर्षाशी जोडून टाकली होती. ही तारीख भारतातील रूढीला जशीच्या तशी लावली जात नाही. तथापि रूढी नुसती जुनी असून भागत नाही, तिचा आरंभ मानवी स्मरणाच्या पलीकडचा असावा लागतो, हे तत्त्व येथेही मानले गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी दिलेल्या निर्णयात अशी स्मरणातीत रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही असे ठरले. सभोवती स्पृश्यांची घरे उभी राहीपर्यंत अशा मोठ्या सार्वजनिक तळ्यावर अनन्य वापराचा प्रयत्न कोणी केला असेल, हे संभवनीय दिसत नाही, असा विचार त्यामागे होता. पाणी प्राशन केल्याच्या दिवसानंतर दहा वर्षांनी न्यायालयीन वाद संपला.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये या अनुभवाचे सार उतरलेले दिसते. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, अथवा सर्वसामान्य जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादींच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. इंग्रजी संहितेत याच यादीत लोकांच्या राबत्याच्या जागांसाठी ‘पब्लिक रिसॉर्ट’ हे शब्द आले आहेत. कोकणात आज ‘रिसॉर्ट’ म्हटले की पर्यटकांचे निवासस्थान डोळ्यांपुढे येते. संविधानातील ‘रिसॉर्ट’ म्हणजे राबता, लोकांचे नित्य येणे-जाणे. मराठी संहितेने योजलेला ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ हा शब्दप्रयोग मूळ इंग्रजीपेक्षाही अधिक नेमका आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

रायगडापासून चालत आलेले काम

शब्दाचा अर्थ निश्चित करणे हे राज्यकारभाराचे एक अंग आहे, ही जाणीव या प्रदेशास नवी नाही. महाड तालुक्यातीलच रायगडावर १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशात कारभारातील सुमारे १,४०० फारसी व अन्य शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत.

इंग्रजी अमदानीत मोल्सवर्थ व थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका इंग्रजी शब्दापुढे अर्थागणिक निरनिराळे मराठी शब्द देण्याची त्यांची पद्धत आजही मार्गदर्शक आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले. १९६२ मध्ये पदनाम कोश आणि १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश सिद्ध झाले. त्यामुळे ‘टेक्निकल सँक्शन’ला तांत्रिक मंजुरी आणि देयकास देयक म्हणण्यात एकवाक्यता आली.

कायदेही स्वतःपुरता अर्थ निश्चित करून ठेवतात. बहुतेक अधिनियमांच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते ते याचसाठी. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार ‘पर्सन’ या शब्दात केवळ हाडामांसाची व्यक्तीच नव्हे, तर कंपनी व संघही येतो. म्हणून कलमाचा अर्थ लावण्यापूर्वी व्याख्येचे कलम वाचणे हा साधा परंतु पुष्कळदा विसरला जाणारा नियम होय.

पावसाळ्यातील शब्द

पोलादपूर व महाड तालुक्यांत शब्दाच्या नेमकेपणाची खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात. डोंगरउतारांवर वसलेल्या वाड्या, अतिवृष्टी आणि सावित्रीचे पूर यांमुळे हा प्रदेश आपत्तीच्या छायेत असतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे गाडली गेली.

अशा काळात ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचणाऱ्या संदेशांतील शब्द वरवर अगदी सामान्य दिसतात. भारतीय हवामान विभागाच्या रंगसंकेतात पिवळा रंग ‘वॉच’, नारिंगी ‘अलर्ट’ आणि लाल ‘वॉर्निंग’ दर्शवितो. कोशात या तिन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळतात; लोकांच्या बोलण्यात तर तिन्ही रंगांना सरसकट ‘अलर्ट’ म्हटले जाते. परंतु पिवळ्याचा आशय परिस्थितीवर लक्ष ठेवा असा, नारिंगीचा सज्ज राहा असा आणि लालचा आता कृती करा असा आहे. लक्ष ठेवणे आणि घर सोडणे यांत किती अंतर आहे, हे दरडीखालच्या वाडीस सांगावयास नको.

‘हेवी रेन’ याचे भाषांतर जोराचा पाऊस असे करून चालत नाही, कारण तेथे ‘हेवी’ हे मोजमाप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून अधिक म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. मराठीत यांना अनुक्रमे मुसळधार, अतिमुसळधार व अत्यंत मुसळधार असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘आयसोलेटेड’ म्हणजे सर्वसामान्य अर्थाने एकटे पडलेले. हवामानाच्या अंदाजात मात्र त्याचा अर्थ तुरळक ठिकाणी असा होतो. पावसाची तुरळक ठिकाणे म्हणजे कमी पाऊस नव्हे. पाऊस थोड्याच ठिकाणी पडेल, पण जेथे पडेल तेथे तो मुसळधारही असू शकेल, असा त्या वाक्याचा आशय असतो.

आपत्तीनंतरच्या अहवालांतही हीच दक्षता हवी. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दात मृत व जखमी दोन्ही येतात; रुग्णालयात तर तो अपघात विभागाचा वाचक आहे. त्याचे भाषांतर सरसकट ‘मृत’ असे केल्यास जखमींचीही गणना मृतांत होईल. ‘डॅमेज’ म्हणजे हानी. ‘डॅमेजेस’ म्हणजे त्या हानीबद्दल मागावयाची भरपाई. ‘रिलीफ’ म्हणजे आपद्ग्रस्तांस मदत, न्यायालयाकडे मागितलेली दाद आणि नकाशावरील उंचसखलपणाही. याउलट, ‘लँडस्लाइड’साठी ग्रंथांतून भूस्खलन हा शब्द वापरला जात असला, तरी सह्याद्रीच्या कुशीतील माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘दरड’ म्हणत आला आहे. इशारा द्यावयाचा असेल तेव्हा ऐकणाऱ्यास ज्या शब्दाने धोका दिसतो, तो शब्द निवडणेच श्रेयस्कर.

शिक्षक व कार्यकर्त्यांनी काय करावे?

इंग्रजी शिकविताना एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द पाठ करून घेण्याची पद्धत सोयीची असली, तरी पुरेशी नाही. ‘वेल’ म्हणजे विहीर आणि ‘वेल’ म्हणजे बरे, हे दोन्ही अर्थ वाक्यांतून भेटले तरच विद्यार्थ्यास संदर्भाचे महत्त्व पटते. शब्दापेक्षा वाक्य शिकवावे आणि कोश उघडल्यावर पहिल्या अर्थावर न थांबता शेवटपर्यंत वाचण्याची सवय लावावी. ‘घाट’, ‘टाके’, ‘पान’, ‘कर’ अशा मराठी शब्दांपासून आरंभ केल्यास मुलांना हा विषय परका वाटणार नाही.

कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत इंग्रजी मजकुराचा अर्थ लावताना हा शब्द कोणत्या विषयाच्या संदर्भात आला आहे, त्याची व्याख्या कायद्यात वा परिपत्रकात दिली आहे काय आणि ज्याच्यासाठी मजकूर लिहावयाचा त्यास मराठी शब्द सहज कळेल काय, हे तीन प्रश्न विचारावेत. एकदा एका अर्थासाठी एक शब्द निवडला, की संपूर्ण मजकुरात तोच कायम ठेवावा. ग्रामसभेत एखाद्या योजनेची वा इशाऱ्याची माहिती द्यावयाची असेल, तर मूळ शब्द, त्याचा तेथे अभिप्रेत असलेला अर्थ आणि त्यानुसार करावयाची कृती, या तिन्ही गोष्टी सांगाव्यात.

शब्दांचे अनेक अर्थ ही भाषेची श्रीमंती आहे. त्यांतील योग्य अर्थ नेमका पोहोचविणे ही कारभाराची जबाबदारी आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा पुरा अर्थ चवदार तळ्याच्या काठी प्रस्थापित होण्यासाठी माणसांना मार खावा लागला आणि दहा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्यांनी तो अर्थ मिळवून दिला, त्यांच्या श्रमांचे मोल राखावयाचे असेल, तर लोकांच्या हक्काशी व जीविताशी संबंध असलेला प्रत्येक शब्द तितक्याच काळजीने वाचला, लिहिला आणि समजावून सांगितला गेला पाहिजे.